मदरबोर्डचे मूल्यमापन

मदरबोर्डचे मूल्यमापन म्हणजे डेस्कटॉप संगणकाच्या मुख्य फलकाची रचना, त्यावरील घटकांची प्रत आणि त्याच्या फर्मवेअरमधील सेटिंग्ज यांची पद्धतशीर तपासणी होय. सुटे भाग निवडून स्वतः संगणक जोडणारे हौशी वापरकर्ते, संगणक दुरुस्ती करणारे कारागीर आणि तांत्रिक नियतकालिकांचे परीक्षक अशी तपासणी करतात. भारतात अशा जोडून घेतलेल्या संगणकास बोलीभाषेत 'असेंबल्ड पीसी' म्हणतात.

मदरबोर्ड स्वतः आकडेमोड करत नाही. तो प्रोसेसरला योग्य दाबाची वीज पुरवतो, रॅम, ग्राफिक्स कार्ड व साठवण यांच्यामधील संकेत वाहून नेतो आणि प्रोसेसरने किती वीज घ्यावी याची मर्यादा ठरवतो. त्यामुळे एकच प्रोसेसर समान सेटिंग्जसह दोन पुरेशा सक्षम मदरबोर्डांवर बसवला असता वेगात सहसा नगण्य फरक पडतो. खरा फरक तापमान, स्थैर्य आणि आयुष्य यांत दिसतो. म्हणून मूल्यमापनात खोक्यावर छापलेल्या वैशिष्ट्यांच्या संख्येपेक्षा दोन प्रश्नांना अधिक महत्त्व दिले जाते : वीजपुरवठ्याची रचना किती सक्षम आहे, आणि कारखान्यातून आलेल्या सेटिंग्ज प्रोसेसर उत्पादकाने घालून दिलेल्या मर्यादेत आहेत काय. मुंबईसारख्या उष्ण व दमट शहरात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे थंड हवेच्या प्रदेशातील परीक्षणांवरून जशीच्या तशी घेता येत नाहीत.

पार्श्वभूमी

१९८१ साली आयबीएम कंपनीने वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याच्या मदरबोर्डवर विस्तारकार्डांसाठी पाच खाचा होत्या, आणि रॅम किती आहे किंवा पडदा कोणत्या प्रकारचा आहे हे फलकावरील छोटे स्विच वरखाली करून कळवावे लागे. १९८४ च्या 'एटी' या प्रतिमानात ही माहिती बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत साठवली जाऊ लागली. मदरबोर्डवर आजही दिसणारी नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची 'सीआर२०३२' बॅटरी ही त्याच व्यवस्थेची पुढची पायरी आहे. १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे आकारमान जाहीर केले. फलकाची लांबी-रुंदी, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा व वीजजोड त्यात ठरवून दिल्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसू लागले आणि संगणकजोडणी हा सर्वसामान्यांच्या आवाक्यातील छंद झाला.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अबिट या तैवानी कंपनीने प्रोसेसरच्या वेगाची सेटिंग जंपरऐवजी पडद्यावरील यादीतून करण्याची सोय दिली. १९९८ चा 'सेलेरॉन ३००ए' हा प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर साडेचार पटीने चालत असे. बस १०० मेगाहर्ट्झवर नेली असता त्याचा वेग ४५० मेगाहर्ट्झ होई. स्वस्त प्रोसेसरकडून महागड्याचे काम करून घेण्याच्या या उदाहरणामुळे मदरबोर्डची निवड हा हौशी वर्तुळातील चर्चेचा विषय बनला. त्यानंतर २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष विद्युत-अपघटनी कॅपॅसिटरांमुळे अनेक कंपन्यांचे मदरबोर्ड दोन-तीन वर्षांतच निकामी झाले. कॅपॅसिटरचा माथा फुगणे व त्यातून तपकिरी द्रव झिरपणे ही त्याची ओळख होती. या अनुभवातून घन पॉलिमर कॅपॅसिटरांचा वापर रूढ झाला, आणि 'फलकावर कोणते घटक आहेत' हे पाहण्याची सवय ग्राहकांनाही लागली.

मुंबईत संगणकाच्या सुट्या भागांची प्रमुख बाजारपेठ ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड ही होय. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्यास देण्यात आले होते. त्याचे आजचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी व्यापारात जुनेच नाव चालते. मदरबोर्डचे उत्पादन मुख्यतः तैवानी कंपन्यांच्या हाती असले, तरी गोव्यातही काही काळ हे काम झाले. तेथील स्मार्टलिंक या कंपनीचे मदरबोर्ड 'डिजिलाइट' या नावाने विकले जात.

आकार आणि मांडणी

एटीएक्स फलक ३०५ × २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिलिमीटर आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिलिमीटर आकाराचा असतो. मोठा फलक अधिक चांगला असतोच असे नाही. मोठ्या फलकावर विस्तारखाचा अधिक मिळतात, परंतु बहुतेक घरगुती संगणकांत एक ग्राफिक्स कार्ड व एक-दोन साठवण साधने एवढेच बसवले जाते. त्यासाठी मायक्रो-एटीएक्स पुरेसा ठरतो.

मांडणीच्या परीक्षणात पुढील बाबी पाहिल्या जातात : जाड ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर त्याखालील खाच किंवा साटा जोड झाकला जातो काय, एम.२ साठवणपट्टी कार्डाच्या नेमकी खाली येऊन तापते काय. पंख्यांचे जोड कडेला व पुरेशा संख्येने आहेत काय. प्रोसेसरचा मोठा कूलर बसवल्यावर रॅमची पहिली खाच मोकळी राहते काय. फलकातील तांब्याच्या थरांची संख्या हाही महत्त्वाचा निकष आहे. चार थरांच्या फलकापेक्षा सहा किंवा आठ थरांच्या फलकात उष्णता अधिक पसरते आणि रॅमच्या वेगवान संकेतांना स्वच्छ मार्ग मिळतो. ही संख्या खोक्यावर क्वचितच छापलेली असते, मात्र अनेक उत्पादक ती आपल्या संकेतस्थळावर देतात.

वीजपुरवठ्याचे मंडल

वीजपुरवठा पेटीतून मदरबोर्डला १२ व्होल्ट दाबाने वीज मिळते. प्रोसेसरला मात्र सुमारे १ ते १.४ व्होल्टच लागतात. हा दाब उतरवण्याचे काम प्रोसेसरभोवतीचे व्होल्टेज नियामक मंडल करते. त्यास संक्षेपाने 'व्हीआरएम' म्हणतात. नियंत्रक चिप, मॉस्फेट, वेटोळे आणि कॅपॅसिटर हे त्याचे चार घटक होत. मॉस्फेट व वेटोळे यांच्या एका जोडीस 'फेज' असे संबोधतात.

फेजची संख्या का पाहतात हे एका हिशेबावरून स्पष्ट होते. इंटेलच्या 'कोअर आय९-१३९००के' या प्रोसेसरची कमाल टर्बो शक्ती २५३ वॅट आहे. दाब १.२ व्होल्ट धरल्यास प्रवाह सुमारे २११ अँपिअर होतो. सहा फेज असल्यास प्रत्येकीवर सुमारे ३५ अँपिअर, तर बारा फेज असल्यास सुमारे १८ अँपिअर भार येतो. रोधामुळे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने फेज दुप्पट केल्यावर प्रत्येक फेजमधील अशी उष्णता सुमारे चौथाईवर व एकूण उष्णता निम्म्यावर येते. मंडलाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तरी २५३ वॅट पुरवण्यासाठी २८१ वॅट घ्यावे लागतात आणि उरलेले सुमारे २८ वॅट उष्णतेच्या रूपाने फलकावरच राहतात. दुरुस्तीच्या दुकानातील लहान सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचा असतो, हे लक्षात घेतल्यास या मंडलावर धातूचा भरीव उष्णताशोषक का लागतो हे समजते.

याउलट एएमडीच्या ६५ वॅट वर्गातील राय्झन प्रोसेसरची सॉकेटमधून घेतली जाणारी शक्ती ८८ वॅटपर्यंत मर्यादित असते. वरील पद्धतीने प्रवाह ७३ अँपिअरच्या आसपास येतो. सहा फेजांत तो वाटला गेल्यास प्रत्येकीवर जेमतेम १२ अँपिअर पडतात. अशा प्रोसेसरसाठी सोळा फेजचा महागडा मदरबोर्ड घेण्यात वेगाचा वा आयुष्याचा फारसा लाभ नाही.

जाहिरातीतील '१२+२' यांसारख्या आकड्यांत पहिला आकडा सहसा प्रोसेसरच्या गाभ्यांचा, तर दुसरा त्यातील इतर विभागांचा असतो. काही फलकांवर नियंत्रक प्रत्यक्षात सहाच फेज हाताळतो आणि प्रत्येकीवर दोन मॉस्फेट समांतर जोडून बारा मोजल्या जातात. यामुळे उष्णता वाटली जाते, परंतु बारा स्वतंत्र फेजांचे सर्व गुण त्यात येत नाहीत. म्हणून फेजच्या संख्येबरोबर मॉस्फेटची अँपिअरमधील क्षमता, नियंत्रकाचे नाव आणि उष्णताशोषकाचे वजन व पंखांची रचना हेही तपासले जाते. शोषकावर केवळ शोभेचे प्लास्टिक आवरण असल्यास त्याचा उपयोग होत नाही, उलट हवा अडते.

चिपसेट, मार्गिका आणि रॅम

चिपसेटवरून मदरबोर्डवर कोणत्या सुविधा मिळतील आणि कोणत्या सेटिंग्ज बदलता येतील हे ठरते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटच्या पिढीत झेड मालिकेच्या चिपसेटवर प्रोसेसरची पट अधिकृतपणे वाढवता येते. बी६६० वर ती सोय नसली तरी रॅमचा वेग वाढवता येतो. एच६१० वर दोन्ही सोयी नाहीत. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर बी४५० व बी५५० या मध्यम चिपसेटांवर प्रोसेसरचा वेग वाढवता येतो, ए३२० वर येत नाही. वाढीव वेगाची इच्छा नसलेल्या ग्राहकाने झेड मालिकेसाठी अधिक पैसे देण्याचे कारण सहसा नसते.

ग्राफिक्स कार्ड व साठवण यांच्याशी संपर्क पीसीआयई मार्गिकांतून होतो. तिसऱ्या आवृत्तीत एका मार्गिकेतून एका दिशेने सेकंदाला सुमारे १ गिगाबाइट, चौथ्या आवृत्तीत २ आणि पाचव्या आवृत्तीत ४ गिगाबाइट माहिती जाऊ शकते. चार मार्गिकांची चौथ्या आवृत्तीची एम.२ साठवणपट्टी त्यामुळे ८ गिगाबाइटच्या जवळ पोहोचते. स्वस्त फलकांवर एम.२ ची दुसरी खाच भरल्यावर एखादा साटा जोड बंद पडणे किंवा खाच जुन्या आवृत्तीच्या वेगाने चालणे, असे प्रकार आढळतात. ही माहिती खोक्यावर नसून माहितीपुस्तिकेतील तळटिपांत असते. म्हणून परीक्षक माहितीपुस्तिका आधी वाचतात.

रॅमच्या चार खाचा असलेल्या फलकावर दोन पट्ट्या बसवायच्या असल्यास प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत त्या बसवण्याचा संकेत आहे. पट्ट्या शेजारी-शेजारी एकाच वाहिनीत बसवल्यास रॅमची माहिती वाहून नेण्याची क्षमता निम्म्यावर येते. जोडणीतील ही सर्वाधिक आढळणारी चूक असून तिचा खर्च काहीच नसल्याने ती वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. डीडीआर४ रॅमचा प्रमाणित दाब १.२ व्होल्ट व डीडीआर५ चा १.१ व्होल्ट असतो. छापील वाढीव वेग मिळवण्यासाठी फर्मवेअरमध्ये 'एक्सएमपी' अथवा 'एक्स्पो' ही नोंद चालू करावी लागते. तसे न केल्यास महागडी रॅमही साध्या वेगाने चालते.

फर्मवेअरमधील सेटिंग्ज

संगणक सुरू होताच चालणाऱ्या फर्मवेअरला रूढीने 'बायोस' म्हणतात. आजच्या मदरबोर्डांवर त्याची जागा 'यूईएफआय' या प्रणालीने घेतली आहे. मूल्यमापनात प्रामुख्याने पुढील सेटिंग्ज तपासल्या जातात.

शक्तिमर्यादा : इंटेल प्रोसेसरांसाठी दीर्घकालीन व अल्पकालीन अशा दोन मर्यादा असतात, एएमडीसाठी सॉकेटची एकूण शक्ती व प्रवाह यांच्या मर्यादा असतात. अनेक मदरबोर्ड कारखान्यातूनच या मर्यादा जवळजवळ उठवून येत. फर्मवेअरमध्ये ४०९५ वॅट असा आकडा दिसल्यास मर्यादा नाही असा त्याचा अर्थ होतो.

भाररेषा : प्रोसेसरने अधिक प्रवाह घेतला की त्याच्यापर्यंत पोहोचणारा दाब किंचित घसरतो, आणि ही घसरण हेतुतः ठेवलेली असते. भाररेषा १ मिलिओहम व प्रवाह १५० अँपिअर असल्यास घसरण ०.१५ व्होल्ट येते. ही घसरण भरून काढणाऱ्या सेटिंगची पातळी फार वर नेल्यास भार एकाएकी कमी होताना दाब क्षणभर उसळतो व प्रोसेसरला अपाय होऊ शकतो. म्हणून मधली पातळी सुरक्षित मानली जाते.

पंख्यांचा आलेख : कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरावा हे यात ठरते. आलेख अचानक चढणारा असल्यास पंखा सतत कमीअधिक आवाज करतो.

सुरक्षा : ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० आवश्यक आहे. बहुतेक नव्या मदरबोर्डांवर ते फर्मवेअरमधूनच मिळते, परंतु काहींवर ते बंद स्थितीत असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपल्यामुळे जुन्या संगणकांच्या संदर्भात या सेटिंगचे महत्त्व वाढले.

पुनःप्राप्ती : फर्मवेअर बिघडल्यास प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून ते पुन्हा भरण्याचे बटण काही फलकांवर असते. सुरुवात कोठे अडली हे दाखवणारे लहान दिवेही उपयुक्त ठरतात. या गोष्टी वेगात भर घालत नाहीत, परंतु बिघाडाच्या वेळी दुरुस्तीच्या दुकानाची फेरी वाचवतात.

मूळ सेटिंग्जचा प्रश्न

'काहीही बदलले नाही, म्हणजे संगणक सुरक्षित आहे' हा समज २०२३ व २०२४ मधील दोन प्रकरणांनी खोटा ठरवला.

एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या राय्झन ७००० मालिकेतील, विशेषतः एक्स३डी प्रकारचे, काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. रॅमची एक्स्पो नोंद चालू केल्यावर काही मदरबोर्ड प्रोसेसरमधील एसओसी या विभागाचा दाब आपोआप प्रमाणाबाहेर वाढवत असल्याचे आढळले. त्यानंतर एएमडीने नव्या फर्मवेअरद्वारे हा दाब १.३ व्होल्टपर्यंत मर्यादित केला.

इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील अधिक शक्तीच्या प्रोसेसरांवर खेळ व इतर प्रणाली वारंवार बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्यावर प्रारंभी मदरबोर्डांच्या उठवलेल्या शक्तिमर्यादांकडे बोट दाखवले गेले, आणि उत्पादकांनी 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' ही स्वतंत्र नोंद फर्मवेअरमध्ये दिली. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सदोष मायक्रोकोडमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक दाब मागत असल्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०२४ पासून सुधारित मायक्रोकोड मदरबोर्डांच्या फर्मवेअरमधून देण्यात आला आणि संबंधित प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. मात्र आधीच झिजलेला प्रोसेसर फर्मवेअर बदलून पूर्ववत होत नाही. म्हणजेच या प्रकरणात दोष केवळ मदरबोर्डचा नव्हता, परंतु उपाय मदरबोर्डच्या फर्मवेअरमधूनच करावा लागला. ज्यांनी ते अद्ययावत केले नाही त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही.

या घटनांनंतर परीक्षणांत कारखान्यातील सेटिंग्जवर प्रत्यक्ष मोजलेला दाब व शक्ती देण्याच्या पद्धतीला महत्त्व आले.

मुंबई उपनगरांतील परिस्थिती

परदेशी परीक्षणे बहुधा २१ ते २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत केली जातात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथील वातानुकूलन नसलेल्या घरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ३३-३४ अंश तापमान सहज असते. पंखा व भार तोच असेल, तर खोलीचे तापमान जेवढे वाढते जवळजवळ तेवढेच मंडलाचेही वाढते. २२ अंशांच्या खोलीत ७८ अंशांवर स्थिरावलेले व्हीआरएम ३४ अंशांच्या खोलीत ९० अंशांपर्यंत जाते. हे वाचन तत्काळ धोक्याचे नसले, तरी आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. पॉलिमर कॅपॅसिटरच्या आयुष्याचा रूढ ठोकताळा असा, की तापमान २० अंशांनी उतरल्यास आयुष्य दहापट होते. १०५ अंशांवर ५,००० तास टिकणारा कॅपॅसिटर ८५ अंशांवर सुमारे ५०,००० तास, तर ९५ अंशांवर सुमारे १६,००० तास टिकेल. केवळ १० अंशांच्या फरकाने आयुष्य एकतृतीयांशावर येते. म्हणून उपनगरांतील वापरकर्त्यासाठी व्हीआरएमच्या सक्षमतेचा विचार हा हौसेपुरता उरत नाही.

पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर जाते. फलकावर साचलेली धूळ ओलावा शोषते आणि बारीक पायांमध्ये गळती प्रवाह निर्माण करू शकते. समुद्राकडील भागांत हवेतील क्षारांमुळे जोडांवर गंज चढण्याची शक्यता अधिक असते. वातानुकूलित खोलीतून थंड झालेला संगणक दमट खोलीत आणताच सुरू केल्यास त्यावर दव धरण्याचा संभव असतो. तो काही वेळ तसाच ठेवणे हितावह असते. पावसाळ्याआधी धूळ काढणे आणि दीर्घकाळ बंद असलेला संगणक अधूनमधून चालवणे हे साधे उपाय परिणामकारक ठरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरांतील असंख्य तळमजल्यांत पाणी शिरले. सखल भागांत संगणकाची पेटी जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवण्याचे कारण यावरून ध्यानात येते.

उपनगरांत वीज वेगवेगळ्या संस्थांकडून मिळते. अंधेरी-बोरिवली पट्ट्यात अदानी इलेक्ट्रिसिटी हा मोठा पुरवठादार आहे, तर मुलुंड-भांडुप भागात महावितरण पुरवठा करते. मुंबईचा पुरवठा राज्यातील इतर भागांच्या तुलनेत स्थिर असल्याने अनेक घरांत यूपीएस नसतो. तथापि १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा वाहिन्यांवरील बिघाडातून मुंबई व परिसराचा पुरवठा काही तास खंडित झाला आणि लोकल गाड्याही थांबल्या. फर्मवेअर भरण्याची क्रिया काही मिनिटांचीच असते, परंतु त्या मिनिटांत वीज गेल्यास मदरबोर्ड सुरूच न होण्याची शक्यता असते. यूपीएस किंवा फर्मवेअर परत भरण्याचे बटण यांपैकी एक तरी सोय असावी, असे त्यामुळे मानले जाते. जुन्या चाळी व इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमधील अर्थिंग प्रत्यक्षात जोडलेले नसल्याचे प्रकार घडतात. पेटीला हात लावताच झिणझिण्या येणे हे त्याचे लक्षण असून, अशा वेळी दोष मदरबोर्डमध्ये शोधण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे योग्य ठरते.

चाचणीची पद्धत

घरी करता येण्याजोग्या मूल्यमापनाचा क्रम साधारणतः असा असतो.

प्रथम खोलीचे तापमान नोंदवले जाते. त्यानंतर फर्मवेअरची आवृत्ती व कारखान्यातील सर्व सेटिंग्ज कागदावर उतरवून किंवा छायाचित्र घेऊन ठेवल्या जातात. पहिली चाचणी काहीही न बदलता केली जाते. सिनेबेंच हा कार्यक्रम किमान दहा मिनिटे चालवून एचडब्ल्यूइन्फो या कार्यक्रमात प्रोसेसरची शक्ती, दाब, वेग आणि व्हीआरएमचे तापमान पाहिले जाते. दुसऱ्या चाचणीत प्रोसेसर उत्पादकाच्या शक्तिमर्यादा घालून तीच मोजणी पुन्हा केली जाते. दोन्हींतील गुणांचा फरक अल्प आणि शक्तीचा फरक मोठा असल्यास कारखान्यातील सेटिंग उधळपट्टीची आहे असा निष्कर्ष निघतो.

तिसऱ्या टप्प्यात रॅमची एक्सएमपी अथवा एक्स्पो नोंद चालू करून मेमटेस्ट८६ चे चार फेरे पूर्ण केले जातात. एकही चूक आढळल्यास रॅमचा वेग एक पायरी खाली आणला जातो. रॅममधील चुका संगणक बंद पाडतीलच असे नसते. त्या साठवलेल्या फायली गुपचूप बिघडवू शकतात. चौथ्या टप्प्यात प्राइम९५ किंवा ओसीसीटी यांसारखा जड कार्यक्रम अर्धा तास चालवून व्हीआरएमचे तापमान स्थिरावू दिले जाते. फलकावरील संवेदक सर्वांत तप्त जागी असतोच असे नाही, म्हणून शक्य असल्यास फलकाच्या मागील बाजूने औष्णिक कॅमेऱ्याने खात्री केली जाते. चकचकीत धातूवर अवरक्त तापमापकाचे वाचन चुकते. शोषकावर काळी चिकटपट्टी लावून मोजणे अधिक विश्वसनीय ठरते.

निष्कर्ष देताना नुसते तापमान न सांगता खोलीपेक्षा ते किती अंश अधिक होते हे सांगण्याची पद्धत आहे. त्यामुळे हिवाळ्यात केलेले परीक्षण उन्हाळ्यातही उपयोगी पडते. एका वेळी एकच सेटिंग बदलणे हा या कामातील मूलभूत नियम होय.

खरेदी आणि हमी

पश्चिम रेल्वेवरील उपनगरांतून धिम्या लोकलने थेट ग्रँट रोडला, तर घाटकोपर-मुलुंडहून दादरला गाडी बदलून लॅमिंग्टन रोडला जाता येते. उपनगरांतील स्थानिक दुकाने व ऑनलाइन विक्री हे अन्य पर्याय आहेत. खरेदी कोठूनही केली, तरी काही तपासण्या समान राहतात. मदरबोर्डवरील फर्मवेअर निवडलेल्या प्रोसेसरला ओळखते काय हे उत्पादकाच्या यादीत पाहावे लागते. जुन्या साठ्यातील बी४५० फलक राय्झन ५००० मालिकेसह, किंवा जुन्या साठ्यातील बी६६० फलक तेराव्या पिढीच्या प्रोसेसरसह, फर्मवेअर अद्ययावत केल्याशिवाय सुरू होत नाहीत. एलजीए सॉकेटमधील बारीक पिना वाकलेल्या असल्यास हमी सहसा नाकारली जाते. म्हणून सॉकेटवरील झाकण विक्रेत्यासमोरच उघडून पाहण्याची प्रथा आहे. पावतीवर वस्तूचा अनुक्रमांक असणे आवश्यक असते. भारतात मदरबोर्डवर साधारणपणे तीन वर्षांची हमी मिळते.

वापरलेल्या मदरबोर्डबाबत फुगलेले कॅपॅसिटर, हिरवट गंज, सोल्डर नव्याने केल्याच्या खुणा आणि सर्व रॅम खाचा चालू असल्याची खात्री पाहिली जाते. निकामी फलकात शिसे व इतर घातक द्रव्ये असू शकतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार असा फलक घरगुती कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलकाकडे देणे अपेक्षित आहे.

मर्यादा

एका नमुन्यावरील परीक्षण संपूर्ण उत्पादनास लागू पडेलच असे नाही. एकाच प्रकारच्या दोन प्रोसेसरांची सहनशीलता भिन्न असते. एकाच नावाच्या मदरबोर्डच्या नंतरच्या आवृत्तीत घटक बदललेले असू शकतात. फलकावर छापलेला आवृत्तिक्रमांक त्यासाठी पाहावा लागतो. फर्मवेअर बदलले की मूळ सेटिंग्जही बदलतात, त्यामुळे जुने परीक्षण लवकर कालबाह्य होते. आयुष्याविषयीचे निष्कर्ष गणितावर आधारित अंदाज असतात, कारण कोणताही परीक्षक पाच वर्षे थांबून परीक्षण लिहीत नाही. म्हणून छापील परीक्षण हा आरंभ समजून आपल्या खोलीत, आपल्या प्रोसेसरसह आणि शक्यतो उन्हाळ्यात केलेली मोजणी अंतिम मानली जाते.

हे सुद्धा पहा

संगणक
प्रोसेसर
रॅम
बायोस
लॅमिंग्टन रोड
ई-कचरा